कविताबाईंची दोन वर्षं चार महिने

केंद्र, ४ जून

वन्सं, नमस्कार.

खरं तर फोनच करणार होते, पण तुमचे बंधुराज म्हणाले, "ताईला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ती स्वतःच्या मनाने भरते. मग महिनाभर रुसून बसते." म्हणून पत्र लिहितेय. अक्षराला हसू नका.

एप्रिलपासून मी आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्राची संचालक झाले, हे तुम्हाला त्यांनी कळवलंच असेल. ज्या जिन्याने तुम्ही चौतीस वर्षं टंकलेखिका म्हणून चढलात, त्याच जिन्याने आता मी रोज धापा टाकत चढते. इतकी वर्षं मी समोरच्या इमारतीत इतिहास शिकवत होते, पण या केंद्राचा इतिहास मला काडीचा ठाऊक नाही. आणि नेमकं तेच काम गळ्यात पडलंय. ऑक्टोबरात केंद्राला पन्नास वर्षं होतात. प्रवेशाच्या भिंतीवर आजवरच्या संचालकांच्या नावांचा लाकडी फलक लागायचाय, आणि एक छोटं पुस्तकही निघायचंय. दोन्ही मीच लिहायचं.

सुरुवात सोपी आहे. पहिली बारा वर्षं मोठे सर, ज्यांनी केंद्र काढलं. पंधराव्या वर्षाच्या मध्यापासून चष्मेवाले सर. त्यांच्यानंतर मॅडम, मग मराठे नसूनही सगळे ज्यांना 'सरदार' म्हणायचे ते, आणि आता मी. घोळ आहे तो मधल्या दोन वर्षं चार महिन्यांचा. त्या काळातली नेमणुकांची फाईल गच्चीवरच्या टाकीच्या गळतीत भिजून लगदा झाली. मोठ्या सरांच्या निरोपाचा फोटो आहे, पण त्यावर तारीख नाही. हाती लागली ती फक्त विद्यार्थ्यांना दिलेल्या प्रमाणपत्रांच्या स्थळप्रतींची चळत. छापील नमुना, खाली एक सही. सही कसली, गोगलगाय चालून गेल्यासारखी रेघ. पण तिच्याखाली टाईप केलंय, 'कविता', आणि त्याच्याखाली छापील 'संचालक, आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्र'. एकशे सतरा प्रमाणपत्रं, सगळ्यांवर हेच.

वन्सं, या कविताबाई कोण? इथे कुणालाच माहीत नाहीत. त्या काळातलं हयात असं माणूस म्हणजे तुम्हीच. आडनाव, शिक्षण, कुठून आल्या, कुठे गेल्या, आठवेल तेवढं लिहा. फलकाचं लाकूड आलंसुद्धा.

तुमची,
भावजय


१३ जून

डॉक्टरीणबाई, आशीर्वाद.

अक्षराला हसले नाही, रडले. मुंग्या बऱ्या, निदान एका दिशेने जातात. भिंग लावून दोन बैठकींत वाचलं. आणि काय गं, सव्वीस वर्षांत नणंदेला एक ओळ लिहिली नाहीस, आता अडलं तेव्हा बरी आठवण झाली!

असो. पुस्तकात घालायला सुरुवात सांगते. सायकल स्टँडच्या वर दोन खोल्या होत्या, त्या आमच्या. चार खुर्च्या, त्यांतली एक वनस्पतिशास्त्रवाल्यांची, ते दर वर्षी परत मागायचे. माझं मशीन खिडकीशी. भिंतीवर जगाचा जुना नकाशा होता, तो इतका जुना की निम्मे देश नावं बदलून बसले होते. सर म्हणायचे, "बाई, नवा नकाशा मिळत नाही तोवर आपणच जग दुरुस्त करू." मग मी देशाचं नवं नाव बारीक चिठ्ठीवर टाईप करायची आणि शिपाईमामा ती डिंकाने चिकटवायचे. एकदा मामांनी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि पुरते आठ महिने आमच्याकडे दोन देश एकमेकांच्या जागी नांदले.

सरांचा एक नियम लिहून घे. परदेशातून मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला काही म्हणजे काही शिकवायचं नाही. जिना, मोरी आणि पोस्ट दाखवायचं, बस. "माणूस आधी टेकू दे, मग त्याचा अभ्यास करू," म्हणायचे. फार थोर माणूस. असे सर परत झाले नाहीत, तुम्हा सगळ्या डॉक्टरांना धरून सांगते.

कविताबाईंचं म्हणशील तर, होत्या. दोन-अडीच वर्षं होत्या. कामाला बऱ्या होत्या, फार बोलत नसत. मोठे सर बाराव्या वर्षी मानाने बाजूला झाले आणि या आल्या, एवढंच. फलकावर घालायचं तर घाल की, त्यात मला काय विचारायचं?

इथे मावसबहिणीचं आणि माझं बरं चाललंय. पोस्ट शेजारीच आहे, त्यामुळे उत्तराला पाय दुखायचं कारण नाही.

ताई


केंद्र, २२ जून

वन्सं,

तुमचं पत्र मी इथे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. (रडण्याचं वाक्य सोडून.) दोन देशांची अदलाबदल ऐकून ग्रंथपाल इतके हसले की चष्मा पुसायला बाहेर गेले.

पण तुम्ही मला एका ओळीत केवढं देऊन टाकलंत, कल्पना आहे का? आजवर सगळे धरून चालले होते की केंद्राच्या पहिल्या स्त्री संचालक म्हणजे मॅडम, आणि त्या तर विसाव्या वर्षानंतर आल्या. कविताबाई त्यांच्याही आधीच्या निघाल्या! कुलगुरूंना सांगितलं तर ते खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हणाले, अशा बाईंचं नाव नुसतं फलकावर का, वाचनकक्षालाच देऊ. 'कविता वाचनकक्ष'. ग्रंथपालांचं म्हणणं, मग लोक तिथे कविता वाचायला येतील आणि जोरजोरात वाचतील.

विनोद राहू दे. मला खरंच त्या बाईंची ओढ लागलीय. जुन्या पत्रव्यवहाराची नोंदवही चाळली. त्यांच्या काळात चौदा परदेशी विद्यापीठांशी पत्रं चालू होती, सरांच्या काळात नऊ होती. आढावा समितीने केंद्र बंद करायची शिफारस आधी केली आणि मग स्वतःच मागे घेतली, तेही त्यांच्याच काळात. हे सगळं करून बाई निघून गेल्या आणि कुणी साधं आडनाव लक्षात ठेवलं नाही. मला याचा मनापासून राग येतो. मी संचालक होऊन अडीच महिने झाले, अजून कपाटाची किल्ली सापडत नाही.

तेव्हा आडनाव सांगा. एखादा फोटो? दिसायला कशा होत्या? आणि समितीला त्यांनी परतवलं कसं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असणार.

भावजय


२ जुलै

डॉक्टरीणबाई,

हे वाचनकक्षाचं खूळ आधी डोक्यातून काढ. कविताबाईंना असलं काही आवडलं नसतं. फोटोला त्या उभ्या राहत नसत. आडनाव लावत नसत. दिसायला चारचौघींसारख्या. घाल फलकावर एक ओळ आणि मोकळी हो.

समितीचं विचारलंस म्हणून सांगते. तिघे जण आले होते, त्यांतले एक सारखे घड्याळ बघत. त्यांना वाटलं होतं, दोन खोल्या आहेत, अर्ध्या तासात आटपेल. कविताबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त शिकून गेलेल्या मुलांची पत्रं काढून टेबलावर मांडली. कुणी तिकडे जाऊन शाळा काढलेली, कुणी आपल्या भाषेतून त्यांच्या भाषेत पुस्तक नेलेलं, एकाने तर मुलीचं नाव आपल्याकडचं ठेवलेलं. घड्याळवाले वाचता वाचता चहा प्यायचे विसरले. त्या दिवशी ▓▓ त्यांना इतकी भीती वाटत होती की पदराचं टोक टेबलाखाली मुठीत आवळून ठेवलं होतं. अहवाल एकोणीस पानांचा. तीनदा टाईप केला, कारण दुसऱ्या वेळी शेवटच्या पानावर फीत संपली.

वरती शाईचा डाग पडलाय, तिकडे लक्ष देऊ नकोस. हात पूर्वीसारखा राहिला नाही.

आणि काय गं, तुझं लेक्चर सोडून तू या बाईच्या इतकी मागे का लागलीस? धाकट्याला वेळेवर जेवायला मिळतंय ना?

ताई


केंद्र, २० जुलै

वन्सं,

तुमचे बंधुराज वेळेवर जेवतात, आणि मलाही वाढतात. ती काळजी सोडा.

आता नीट बसा. परवा एक पाकीट आलं. त्या काळात इथे शिकून गेलेले एक गृहस्थ, आता स्वतःच निवृत्त प्राध्यापक, त्यांनी पन्नाशीची बातमी वाचून आपल्याला आलेलं निवडीचं पत्र जपून ठेवलेलं, त्याची प्रत पाठवली. हे छापील नाही, पूर्ण टाईप केलेलं. जसंच्या तसं उतरवते:

'आदवणीय महोदय, आपली निवड झाली आहे. सोमवावी सकाळी हजव व्हावे. येताना गवम कपडे व दोन चादवी आणाव्यात. जिन्याची तिसवी पायवी मोडकी आहे, जपून यावे. तुमच्या आईला सांगा, काळजी करू नये.'

आधी मी हसून हसून बेजार झाले. मग खाली बघितलं. 'कविता. संचालक.' आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. वन्सं, तुमच्या मशीनच्या 'र'चं पोट शाईने भरलेलं होतं. तो 'व' उमटायचा. कविता नावाचं माणूसच नाही. ते 'करिता' आहे. संचालकांकरिता!

मला अक्षरशः कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. रोज माझ्या गैरहजेरीत माझा लेखनिक 'करिता' टाईप करून सही करतो आणि मी त्यातून एक अख्खी बाई जन्माला घातली. कुलगुरूंना तिच्या प्रेमात पाडलं.

पण मी चुकले ते चुकले, तुम्ही का हो हूं हूं करत बसलात? तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उलट मला सांगितलंत, कामाला बऱ्या होत्या, फार बोलत नसत. म्हणून तुमचं मागचं पत्र खिडकीत उजेडाला धरलं. तो डाग नाही, खोडाखोड आहे. खाली 'मला' असं वाचता येतं.

आणि खरं सांगू, तेही धरायची गरज नव्हती. निवडीच्या पत्रात 'तुमच्या आईला सांगा, काळजी करू नये' असं लिहिणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिलीय.

काय झालं होतं, वन्सं? सर कुठे होते?

भावजय


१ ऑगस्ट

बाई गं,

पकडलीस. पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. मावसबहीण म्हणाली, स्वतःवर चिडलीयेस, ते तिच्यावर कशाला काढतेस? मग बसले लिहायला. हे फक्त तुझ्यासाठी, पुस्तकात घालायचं नाही.

सर तिथेच होते. रोज अकराला यायचे, चारला जायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांना जिन्यापर्यंत सोडायच्या आणि न्यायला यायच्या. पण सर हरवत चालले होते. आधी गावांची नावं गेली, मग माणसांची. एकदा नकाशासमोर उभे राहून त्यांनी मला विचारलं, "बाई, आपण यातलं कुठे आहोत?" मी बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, "वा, चांगली जागा आहे." मोरीत जाऊन रडले मी त्या दिवशी.

त्याच वर्षी विद्यापीठाने ठराव केला होता, निवृत्तीखेरीज जे पद रिकामं होईल ते भरायचं नाही. सर घरी बसले असते तर त्यांचं पद गेलं असतं, आणि पदापाठोपाठ केंद्र. बारा वर्षांचं काम, आणि तीस मुलं वर्गात बसलेली. त्यांतली अकरा परक्या देशातली, त्यांना कुठे पाठवणार? मग त्या वेळचे ग्रंथपाल, शिपाईमामा, काकू आणि मी, चौघांनी बसून ठरवलं. सरांना निवृत्त व्हायला दोन वर्षं चार महिने होते. तेवढे दिवस कुणाला कळू द्यायचं नाही.

पत्रं मी लिहायची. बारा वर्षं त्यांचीच टाईप केली होती, ते काय म्हणाले असते ते मला झोपेत सांगता आलं असतं. निवड ग्रंथपाल आणि मी करायचो. व्याख्यानांचे विषय मी काढायची. समितीसमोर, "सर बोलायच्या स्थितीत नाहीत, घसा बसलाय," असं सांगून मीच बोलले. सर शेजारी बसून हसत मान डोलावत होते, आणि ते इतकं शोभून दिसलं की कुणाला शंकाच आली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. सरांची खोटी सही मी एकदाही केली नाही. माझीच सही केली, वाचता येऊ नये अशी, आणि खाली, काही न लपवता, स्वच्छ टाईप केलं, 'करिता'. 'र' भरलाय हे मला माहीत होतं. पिनने कोरून काढायची, आठवड्यात परत भरायचा. मग म्हटलं जाऊ दे, ज्याला वाचायचंय तो वाचेल. तू वाचलंस, तेही उलटं!

काकूंना मी शब्द दिला होता. त्या म्हणाल्या होत्या, "लोकांनी त्यांना काम करणारा माणूस म्हणून आठवावं. भरकटलेला म्हणून नको." म्हणून तुझी कविता मला बरी वाटली. सर मानाने बाजूला झाले असं दिसत होतं, आणि माझ्या वाट्याला काही येत नव्हतं. मला काही नकोच होतं.

हे शेवटचं वाक्य खरं नाही. तू एकशे सतरा प्रमाणपत्रं म्हणालीस तेव्हा मला फार बरं वाटलं. कुणीतरी मोजली.

ताई


केंद्र, १० ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र ह्यांना वाचायला दिलं नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून मीच तीनदा वाचलं.

मला एक कबुली द्यायचीय. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बहिणीने विचारलं होतं, तुझी नणंद विद्यापीठात काय करते? मी म्हणाले होते, "काही नाही गं, नुसत्या टायपिस्ट आहेत." तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. ऐकू गेलं की नाही, हे मला सव्वीस वर्षं माहीत नाही आणि विचारायची छाती झाली नाही. पत्र न लिहिण्याचं कारणही तेच. माफ करा, हे फार उशिरा म्हणतेय.

आता फलक. कविताला मी काढून टाकलंय, कुलगुरूंना माझी चूक सांगून आले. ते उदास झाले. पण त्या ओळीत काय लिहायचं? सरांचं नाव पुढे ओढलं तर तेही खोटं. मला तिथे तुमचं नाव हवंय. पूर्ण, आडनावासकट.

आणि इथेच गोची आहे, तुमचं आडनाव तेच माझं. दुसऱ्या ओळीत नणंद, शेवटच्या ओळीत भावजय! लोक म्हणतील, खुर्चीत बसली आणि घरचं माणूस भिंतीवर चढवलं. म्हणून मी एकटीने काही करणार नाही. पन्नाशीच्या समितीपुढे कागद ठेवीन आणि चर्चेला मी बाहेर बसेन. पण त्याआधी तुमचा होकार लागेल. द्याल?

भावजय


१७ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई,

ऐकू गेलं होतं. तेव्हा कान चांगले होते. पण खोटं कुठे बोललीस? टायपिस्टच होते.

होकार देणार नाही. काकू अजून आहेत आणि मी शब्द दिलाय. एका टायपिस्टने केंद्र चालवलं असं भिंतीवर लिहिलं, तर तेव्हा सर कुठे होते हा तुझाच प्रश्न प्रत्येक जण विचारेल. मला नाव मिळावं म्हणून त्यांचं जावं, हे मला सोसणार नाही. ओळ कोरी ठेव. पन्नास वर्षांत एखादी ओळ कोरी राहिली तर आकाश कोसळत नाही.

आणि माफी-बिफी मागू नकोस. पत्रं लिहीत जा म्हणजे झालं.

ताई


केंद्र, ६ सप्टेंबर

वन्सं,

तुम्हाला न विचारता एक गोष्ट केलीय. रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागवा.

मी काकूंकडे गेले होते. नव्वदीच्या आहेत, कमरेत वाकल्यात, पण बोलणं लख्ख. मी कोण ते सांगितल्यावर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू बाईंची भावजय. बस." तुमचं पत्र दाखवलं नाही. नुसतं म्हटलं, मला ती दोन वर्षं चार महिने माहीत आहेत. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मग जे सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही.

म्हणाल्या, "ते सकाळी सहापासून तयारीला लागायचे. इस्त्रीचा शर्ट कुठे, पेन कुठे. मी म्हणायची, अहो, अकराला जायचंय, एवढी घाई कशाला? तर म्हणायचे, उशीर झालेला आमच्या संचालकबाईंना चालत नाही."

मी विचारलं, संचालकबाई कोण?

"कोण म्हणजे? तुझी नणंद! त्यांच्या लेखी संचालक त्याच होत्या. आपण कधीकाळी संचालक होतो, हे ते साफ विसरले होते. घरी कुणी आलं आणि विचारलं, काय करता, की सांगायचे, मी केंद्रात असतो, आमच्या बाईंना हाताशी मदत करतो. एकदा मला म्हणाले, या बाई आल्यापासून केंद्र फार नीट चाललंय, आधीचा जो कोण होता तो जरा गबाळा होता."

वन्सं, हे सांगताना त्या हसत होत्या, आणि मी मात्र पदर शोधत होते.

मग म्हणाल्या, "मी बाईंना हे कधी सांगितलं नाही. तेव्हा मला त्यांच्या विसरण्याची लाज वाटायची. आता नाही वाटत. आता वाटतं, एवढं सगळं विसरूनही त्यांना काम करणारं माणूस बरोबर ओळखता येत होतं. शब्द मी मागितला होता, मीच परत घेते. तसं त्यांना कळव." आणि समितीच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. चार ओळी आहेत. शेवटची ओळ, 'त्या काळात माझे पती आजारी होते व केंद्र बाईंनी चालवले, याचा आम्हां उभयतांना अभिमान आहे.'

समिती काल झाली. मी बाहेर बाकावर बसले होते, परीक्षेच्या निकालाला बसावं तशी. काकूंची चिठ्ठी, त्या निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आणि नोंदवही, एवढंच आत पाठवलं होतं. वीस मिनिटांत बोलावलं. एकानेही 'घरचं माणूस' हा शब्द काढला नाही. फक्त तुमचा होकार हवा. पेंटर बाकी सगळी नावं लिहून थांबलाय.

भावजय


१४ सप्टेंबर

माझी गुणाची बाई,

रागावले नाही. पत्र दुपारी आलं, तेव्हापासून तशीच बसून होते. मावसबहीण दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही निवले.

तुला एक सांगते. त्या दोन वर्षांत मी सरांच्या खोलीत गेले की सर उठून उभे राहायचे. दर वेळी. दिवसातून दहादा गेले तर दहादा. मला वाटायचं, काय भला माणूस आहे, सगळं विसरला पण बाईमाणसाला मान द्यायचं विसरला नाही. मी म्हणायची, "सर, बसा ना." मगच ते बसायचे. चारला काकू यायच्या वेळी दाराशी येऊन घुटमळायचे. मी मान वर करून म्हणायची, "या सर, उद्या भेटू." मग निघायचे. मला वाटायचं, निरोप घेतात.

अगं, ते परवानगी मागत होते. दोन वर्षं चार महिने रोज मागत होते आणि मी रोज देत होते, आणि मला पत्ता नाही.

लिही माझं नाव. सरांनी नेमलंय, मी नाही म्हणणारी कोण?

ताई